करवीरचा नगरकारभार आणि आपण



स्मरणिकेत दरवर्षी अहवाल असतो, निकालाचे तक्ते असतात, देणगीदारांची नामावली असते. ही पाने आपण आवडीने चाळता, त्यात आपल्या मुलाचे नाव शोधता. यंदा त्यांच्या शेजारी आपल्या गावच्या नगरकारभाराचा थोडा इतिहास मांडावा असे मनात आले. कारण अगदी घरगुती आहे. सकाळी नळाला पाणी आले नाही तर आपण काय करतो? शेजाऱ्याला विचारतो, नगरसेवकाच्या नावाने बोटे मोडतो, कळशी घेऊन दुसऱ्या गल्लीत जातो. अर्ज मात्र लिहीत नाही. ज्या समाजाने या गावाच्या कारभाराला निम्मी भाषा दिली, त्याने अर्ज लिहिण्याचा कंटाळा करावा हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे.

निम्मी भाषा म्हटले ते उगाच नव्हे. अर्ज, दाखला, दप्तर, मुदत, वसुली, हजेरी, शिफारस, मंजूर आणि नामंजूर हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. सभा ‘तहकूब’ होते तीही त्याच वाटेने. गावात शिरणाऱ्या मालावर नगरपालिका जो कर घेई त्याला जकात म्हणत. आपल्या घरात जकात म्हणजे गरिबाचा हक्क आणि नाक्यावर जकात म्हणजे पोत्यामागे पैसे! लहानपणी या दोन जकातींचा घोटाळा माझ्या डोक्यात बरीच वर्षे होता. नाक्यावरची जकात कोल्हापुरात २०११ साली गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ च्या ऑगस्टपासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांच्या मागून सुटला. शब्द मात्र राहिला.

तर मुळापासून पाहू. ब्रिटिश मुलखातील गावांना नगरपालिका काढण्याची मुभा देणारा कायदा १८५० साली झाला. कोल्हापूर हे संस्थान. तरीही अवघ्या चार वर्षांत, १८५४ च्या ऑक्टोबरात, येथे नगरपालिका उभी राहिली. गडकऱ्यांचे बंड मोडल्यानंतरचा तो काळ, संस्थानावर इंग्रज पोलिटिकल अधिकाऱ्याची देखरेख. तेव्हा निवडणूक वगैरे कल्पना नव्हती. अधिकारी सांगतील तसा कारभार चाले. रस्ते झाडणे, दिवे लावणे, गटारे वाहती ठेवणे आणि पाणी पुरविणे एवढीच तिची कामे. आजही नीट पाहिले तर यापलीकडे फार काही नाही. बाकीचे सारे भाषणात असते.

यातले पाण्याचे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण कोल्हापूरचा खरा इतिहास पाण्यात आहे. हे गाव तळ्यांचे. रंकाळा आज डोळ्यांपुढे आहे, कोटितीर्थ आहे. पण पद्माळा, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर ही तळी आपल्या मुलांना केवळ नावाने माहीत. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झाले. कपिलतीर्थ बुजले तेथे भाजी मंडई बसली. आपल्या समाजातील कितीतरी बागवान कुटुंबांची चूल या गावच्या मंडयांवर पेटली आहे. गांधी मैदानावर पावसाळ्यात तळे साचते आणि वर्तमानपत्रांतून दरवर्षी त्याबद्दल ओरड होते. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, माणसे विसरतात.

पिण्याचे पाणी पूर्वी दक्षिणेकडच्या कात्यायनीच्या डोंगरातील झऱ्यांवरून जमिनीखालच्या नळीने गावात आणलेले असे. ते जेथे साठवीत त्या जागेला ‘पाण्याचा खजिना’ हे नाव पडले आणि मंगळवार पेठेत ते नाव आजही नांदते आहे. पुढे १८८० च्या दशकात कळंबा तलावाचे पाणी शहराला मिळू लागले. कळंब्याने कोल्हापूरला पिढ्यान् पिढ्या पाजले. गाव वाढले, तसे पाणी नदीतून उपसण्याची वेळ आली आणि बालिंगे, नागदेववाडी, शिंगणापूर या उपसा केंद्रांची नावे घरोघरी झाली. नदीचे पाणी आले त्याबरोबर नदीतली घाणही आली. वरच्या अंगाची गावे, कारखाने, आणि खुद्द आपल्या शहराचे नाले पंचगंगेला मिळतात. पंचगंगेच्याच काठी असलेल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीने बळी घेतले हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

म्हणून दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी आणावे ही मागणी पुढे आली. या मागणीसाठी मोर्चे निघाले, बंद झाले, निवडणुका लढविल्या गेल्या. एकेका पुढाऱ्याने तिच्या नावावर दोन दोन वेळा मते घेतली. सुमारे त्रेपन्न किलोमीटरचा तो नळ अखेर पुरा झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, पाणी पुईखडीला पोहोचले. तोपर्यंत ही मागणी पहिल्याने करणारे बरेचसे लोक ते पाणी पिण्यास उरले नव्हते.

आता आपल्या समाजाकडे वळतो. नगरपालिका १८५४ ची. आपल्यातला कोणी तेथे जाऊन बसेल, कागद वाचील, प्रश्न विचारील असा काळ यावयास पुढे अर्धे शतक जावे लागले. आपले लोक गावात नव्हते असे नाही. शिकलगार धार लावीत होते, पिंजारी गाद्या भरीत होते, अत्तार, तांबोळी, मोमीन, मुलाणी आपापल्या व्यवसायात होते. संस्थानी नोकरीत शिपाईगिरी होती. तालमीत पहिलवान होते. बाबूजमालचा दर्गा आणि मोहरमचे पंजे सर्व जातींची माणसे आपले मानीत. दरबारात उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई १८९५ पासून होता. गावाच्या जीवनात आपण होतो. फक्त गावाच्या दप्तरात नव्हतो. दप्तरात शिरण्यास अक्षर लागते आणि अक्षर आपल्याकडे नव्हते. त्या काळी बहुजन समाजातील इतरांकडेही ते नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

राजर्षि शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा दरबारी नोकरीत वरच्या जागांवर कोण होते हे सर्वश्रुत आहे. थोड्याच वर्षांत प्लेगाची साथ आली. गावे ओस पडली, लोक माळावर झोपड्या घालून राहिले. अशा वेळी हुकुमाचा कागद कोणाला वाचता येतो आणि कोणाला नुसता दवंडीवर विश्वास ठेवावा लागतो, याने जगण्यामरण्यात फरक पडतो. महाराजांनी हे पाहिले होते. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे. त्या ‘बाकी सगळे’ मध्ये आपण होतो.

पण जागा राखली तरी बसणारा कोठून आणावा? येथे महाराजांचे खरे शहाणपण दिसते. त्यांनी आधी दहा मुसलमान मुले मराठा बोर्डिंगात आणून ठेवली. आपल्या लोकांनी आपण होऊन पुढे यावे ही अपेक्षा होती. ते लवकर येईनात. मग १९०६ साली महाराजांनी समाजातील प्रमुख मंडळींस एकत्र करून शिक्षणसंस्था काढविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग ते हेच. आजूबाजूस जैन, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. एका समाजाचे मूल दुसऱ्याच्या मुलाबरोबर पाटी घेऊन त्याच चौकातून शाळेला जाऊ लागले. इतर कोणत्याही संस्थानाच्या राजधानीत असा चौक मी पाहिलेला नाही.

एक गोष्ट आपण सांगताना बहुधा गाळतो, ती मी येथे मुद्दाम लिहितो. आपण पहिल्या हाकेला गेलो नाही. मुलगा शिकून काय करणार, दुकानावर बसू दे, हा विचार तेव्हाही होता. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हा कुरकुर करणाऱ्यांत सर्व जातींचे पालक होते आणि आपलेही असणार. त्या काळचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे. दंड चुकविण्यासाठी म्हणून कितीतरी मुले शाळेच्या पटावर चढली. चढली हे महत्त्वाचे. या पटाकडे मी शेवटी परत येणार आहे.

नगरपालिकेतही त्याच सुमारास बदल झाला. महाराजांच्या अखेरच्या वर्षांत कोल्हापूरच्या नगरपालिकेत जातवार प्रतिनिधित्वाचे तत्त्व आले. गावातील प्रत्येक समाजाचा आवाज सभागृहात असावा हा त्याचा हेतू. ज्यांची सावलीही वर्ज्य मानली जाई त्या समाजातील दत्तोबा पोवार हे पुढे याच नगरपालिकेचे चेअरमन झाले, यावरून त्या तत्त्वाचे वजन कळेल. इंग्रजी मुलखात १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते आणि त्यातून पुढे काय वाढून ठेवले गेले ते इतिहासाला माहीत आहे. करवीरची वाट निराळी होती. येथे जागा दिली ती भिंत घालण्यासाठी नव्हे, मागे राहिलेल्यास ओसरीवर आणण्यासाठी. माझे हे मत काहींना राजभक्तीचे वाटेल. वाटो.

महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. धर्मावर ठेवलेल्या राखीव जागा स्वतंत्र भारताच्या घटनेत राहिल्या नाहीत आणि नगरपालिकेत जावयाचे तर सर्वांची मते मिळवून जावे असे झाले. आपल्यातील काही जण तसे गेलेही. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मधल्या या काळाबद्दल फार लिहीत नाही. त्या वर्षांत कारभाराचा आकार वाढला, प्रकार तोच राहिला.

खरी उलथापालथ १९९३ नंतर झाली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. इतर मागासवर्गीयांसाठी सत्तावीस टक्के जागा आल्या. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी-नदाफ, मुलाणी अशी आपल्यातील अनेक व्यावसायिक नावे राज्याच्या त्या यादीत आहेत. जे दार धर्माच्या नावाने बंद झाले होते ते व्यवसायाच्या नावाने किलकिले झाले. आणि त्यातून कोण आत गेले? आपल्या भगिनी. डिसेंबर २०१६ मध्ये हसीना फरास कोल्हापूरच्या महापौर झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये निलोफर आजरेकर महापौर झाल्या आणि करोनाच्या साथीत शहराचे ते पद त्यांनी सांभाळले. मुलीला सातवीनंतर घरी बसवावे की नाही याचा अजूनही खल करणाऱ्या माझ्या काही पालक बंधूंनी ही दोन नावे भिंतीवर लिहून ठेवावीत.

पण राखीव जागेला कागद लागतो. नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. निवडून आल्यावर ते सहा महिन्यांत दाखल करावे असा नियम होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरविली, तेव्हा एकट्या कोल्हापूर महापालिकेतील वीसच्या आसपास नगरसेवकांच्या जागा धोक्यात आल्या. सर्व पक्षांचे, सर्व समाजांचे होते. लोकांनी निवडून दिलेला माणूस कागद वेळेवर न आल्याने घरी! पुढे शासनाने मुदत वर्षाची केली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि हा कागद मिळविताना आपली अडचण इतरांहून वेगळी आहे. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपण आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढावा तर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’. गुरुजींनी विचारले नाही, पालकांनी सांगितले नाही. एका शब्दाच्या आळसामुळे नातवाची शिष्यवृत्ती अडते, नातीचा प्रवेश अडतो आणि गल्लीतला चांगला माणूस निवडणुकीचा अर्ज भरू शकत नाही.

याच काळात आपल्या शहराने एक मोठा लढाही दिला. रस्ते बांधणाऱ्या कंपनीने गावात शिरण्यावर टोल बसविला, तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या मागे सारे कोल्हापूर रस्त्यावर उतरले. त्यात आपल्या वस्त्यांतील माणसे होती आणि कोणी कोणाला नाव-गाव विचारले नाही. पानसऱ्यांवर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांना टोल गेलेला पाहता आला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस टोल गेला. रस्त्याच्या कराराचा कागद वाचून त्यातल्या खोचा लोकांना समजावून देणारी माणसे नसती, तर नुसत्या घोषणांनी तो गेला नसता.

२०१९ च्या ऑगस्टात महापुराने उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे अशी अवस्था! २०२० मध्ये करोनाने मेलेल्यांना खांदा द्यावयास नातलग धजेनात, तेव्हा येथील बैतुलमाल समितीच्या तरुणांनी हिंदु-मुसलमान न पाहता अंत्यविधी केले. हे गावाने पाहिले आहे. आणि ७ जून २०२३ हा दिवसही गावाने पाहिला. मोबाईलवरच्या मजकुरावरून बंद पुकारला गेला, दगड आले, दुकाने फुटली, इंटरनेट बंद झाले. ज्या चौकातून शाहू महाराजांची मुले पाट्या घेऊन जात त्याच्या आसपास त्या दिवशी पोलीस उभे होते. त्या मजकुरात हात असलेली मुले कोवळ्या वयाची होती, हे आपण पालकांनी स्वतःशी कबूल करावे. आणि दुकान फुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला लागणारा परवाना आणि घरफाळ्याची पावती शोधीत होता, हेही. ज्याच्यापाशी कागद होता तो निदान रांगेत उभा राहू शकला.

महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या जागांचा न्यायालयीन वाद, मग प्रभागांची फेररचना अशा कारणांनी पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. प्रशासक बसले. त्या काळात नळ चुकला तर विचारावयास नगरसेवक नव्हता. उरला तो अर्जच.

आता त्या पटाची गोष्ट. काही महिन्यांपूर्वी एक माता मुलीच्या प्रवेशासाठी आमच्याकडे आल्या. यजमान फळांची गाडी लावतात. दाखला नाही, आजोबांच्या नोंदीत ‘मुसलमान’ एवढेच. एका कचेरीत त्यांना तीन वेळा परत पाठविले होते. बोलता बोलता कळले की सासरचे मूळ गाव करवीर तालुक्यातले. म्हटले, त्या गावच्या जुन्या शाळेचा पट पाहून या. मुख्याध्यापक भले गृहस्थ निघाले. कपाटाच्या तळाशी वाळवी लागलेले रजिस्टर होते, त्यातील अक्षर मोडी. मोडी वाचणारा शोधण्यात पंधरा दिवस गेले. वाचणाऱ्याने बोट ठेवले ती ओळ मुलीच्या खापरपणज्याची होती, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मूल पहिलीत दाखल. पुढे चार महिन्यांनी नाव कमी. शाळा काही त्याला मानवली नाही. पण जातीच्या रकान्यात कोणा गुरुजींनी टाक बुडवून ‘बागवान’ असे लिहून ठेवले होते.

त्या माता नक्कल घेऊन आल्या तेव्हा मुलगी बरोबर होती. ती त्या मोडी अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तिने विचारले, “सर, एवढ्याशा चार महिन्यांसाठी पणजोबांना शाळेत घातलंच कशाला होतं?”

मी सांगितले, एक रुपया वाचावा म्हणून.